दाखवायचा पाय

प्रदर्शनातल्या स्टॉलवर कृत्रिम हात मांडलेला असला, की त्याला बहुधा अंडे उचलायला लावतात. अंडे नसेल तर कागदी पेला. कोपराखालच्या स्नायूंवर टेकवलेली इलेक्ट्रोड स्नायू आवळल्याची बारीक विद्युत खूण पकडतात, आतली मोटर फिरते, अंगठा आणि दोन बोटे हलकेच मिटतात, अंडे वर येते आणि फुटत नाही. भोवतीची माणसे टाळ्या वाजवतात, मोबाइल वर होतात. शेजारी कृत्रिम पाय घातलेला एखादा तरुण चार पायऱ्या चढून-उतरून दाखवतो. यात खोटे काही नसते. पण जमीन सपाट असते, बॅटरी रात्रभर चार्ज केलेली असते, दाखवणाऱ्याचा हात बसलेला असतो आणि सगळा कार्यक्रम दहा मिनिटांत आटोपतो. कृत्रिम अवयवांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यातला मोठा भाग या दहा मिनिटांचाच आहे असे मला वाटते. समोर बघणारा कोण आहे, यावर अवयवाचा आकार ठरत गेला. दाखवता येण्याजोग्या गोष्टींना पैसा, कारागिरी आणि नाव मिळाले. सैल झालेले सॉकेट (पायाचा किंवा हाताचा उरलेला भाग ज्यात बसतो ती खोबण), तुटलेला पट्टा, झिजलेले रबर, काखेत आलेली जखम या गोष्टी कोणत्याही मांडवात दाखवता येत नाहीत, म्हणून त्यांना वाली उरला नाही. मराठवाड्यातल्या लासूर स्टेशनसारख्या गावाच्या वाट्याला नेमक्या याच गोष्टी येतात.

या गोष्टीची सुरुवात पुण्याजवळ करता येते. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी बैल हाकायला होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडले आणि त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळावरची कातडी खाली वळवून नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज वैद्यांनी ते पाहिले, जेम्स वेल्सने कावसजीचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये सारी हकीकत छापून आली. लंडनच्या कार्प्यूने १८१४ साली तीच पद्धत वापरली. प्लास्टिक सर्जरीचा इतिहास सांगताना कावसजीचे नाव हमखास येते. त्या हाताचे काय झाले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. कावसजी बैल हाकणारा होता. कासरा धरायचा, बैलाला वेसणीने आवरायचे, गाडी जुंपायची, हे सगळे हाताचे काम. नाकावाचून त्याची बेअब्रू झाली असेल, पण हातावाचून त्याचे पोट गेले होते. तरी जगाने चित्र काढले ते नाकाचे, कारण नाक चित्रात दिसते. (हल्ली या विषयावर लिहिताना ऋग्वेदातल्या विश्पलेच्या लोखंडी पायापासून आरंभ करण्याची पद्धत पडली आहे. अश्विनांनी तो पाय दिला एवढेच तिथे आहे. तो कुठे झिजला आणि कोणी सांधला, हे सूक्ताला सांगायचे नव्हते. त्यामुळे इतिहासाच्या कामी त्याचा उपयोग नाही.)

व्यापारी प्रदर्शनात पाय दाखवण्याची परंपरा ठळक होते ती १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात. क्रिस्टल पॅलेसच्या काचेच्या छताखाली वाफेची यंत्रे, कापड आणि कोहिनूर यांच्या गर्दीत बेंजामिन फ्रँकलिन पामर नावाच्या अमेरिकनाने आपला कृत्रिम पाय मांडला होता. त्याचा स्वतःचा पाय लहानपणीच यंत्रात गेला होता, त्यामुळे विक्रेता आणि नमुना दोन्ही तोच. १८४६ साली त्याने या पायाचे पेटंट घेतले होते आणि लंडनच्या परीक्षकांनी त्याला पदक दिले. विलो लाकडाचा पोकळ, हलका पाय, आत स्प्रिंगा आणि स्नायूंच्या जागी दोऱ्या, वरून कातडी रंगाचे गुळगुळीत आवरण. त्याआधी इंग्लंडात लाकडी पायांचा नमुना म्हणजे वॉटर्लूत पाय गमावलेल्या अँग्लसीच्या सरदाराचा पाय. चालताना तो टकटक वाजायचा. पामरने आवाज काढून टाकला. त्याच्या प्रात्यक्षिकाचे सारे यश एका गोष्टीत होते: पँट आणि बूट घातल्यावर कोणता पाय खरा आणि कोणता लाकडी, हे बघणाऱ्याला ओळखता येऊ नये. पुढे अमेरिकन यादवी युद्धात हजारो सैनिकांचे हातपाय तुटले आणि सरकार पायासाठी ७५ आणि हातासाठी ५० डॉलर देऊ लागले, तेव्हा हीच कसोटी बाजाराची कसोटी झाली. डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६३ साली एका लेखात पामरच्या पायाची मनापासून वाखाणणी केली. या सगळ्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे. पाय घालणारा माणूस खुर्चीवर बसणार, बूट घालणार आणि फरसबंद रस्त्याने चालणार. लंडनच्या बघ्याला यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. पण हा पाय बोटीने पूर्वेकडे आला, तेव्हा खुर्ची आणि बूट हे दोन्ही त्याच्याबरोबर आले पाहिजेत, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.

बघणारा बदलला की अवयवही बदलतो, याचा लख्ख पुरावा पहिल्या महायुद्धात मिळतो. बर्लिनजवळच्या शार्लोटनबुर्गमध्ये १९१६ साली कृत्रिम अवयवांची तपासणी करणारे केंद्र उघडले आणि तिथेच या अवयवांचे प्रदर्शनही भरले. इथे बघणारे होते कारखानदार, अभियंते आणि लष्करी अधिकारी. हात दिसायला हातासारखा असावा ही अट सुटली. हाताच्या जागी पकड, चिमटा, कानस बसवायचा साचा आला आणि हात तुटलेला सैनिक लेथवर काम करताना लोकांपुढे उभा राहिला. पण त्याच काळात शेतकऱ्यांसाठी शिफारस झालेला सर्वांत कामाचा नमुना अभियंत्यांच्या खोलीत जन्मला नव्हता. केलर नावाच्या एका हात गमावलेल्या जर्मन शेतकऱ्याने तो स्वतःसाठी घडवला होता. वाकवलेल्या लोखंडी नख्या आणि फावड्याचा दांडा आवळून धरणारा चामड्याचा पट्टा, बस्स. दिसायला बेढब. त्यापुढे कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या, पण त्याने गवताचा भारा उचलता यायचा.

महाराष्ट्रात हा विषय सैन्याच्या वाटेने आला. मेसोपोटेमिया आणि फ्रान्समधून परतलेल्या अपंग जवानांसाठी १९१७ साली लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरी तांत्रिक शाळा सुरू झाली. ती पुढे खडकीला गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९ मे १९४४ रोजी, पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर उघडले. हेच केंद्र पुढे नागरिकांनाही पाय बसवू लागले. स्वातंत्र्यानंतर १९५५ साली मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्रीय संस्था आली. पुण्याच्या या लष्करी केंद्राकडे मी माझ्या युक्तिवादाचा पुरावा म्हणून पाहतो, कारण तिथे दाखवण्याची गरजच नव्हती. जवानाचे नाव सरकारच्या वहीत होते. त्याचा पाय पाच वर्षांनी झिजणार, मांडी बारीक झाली की सॉकेट बदलावे लागणार, हे धरूनच त्याला पुन्हा पुन्हा बोलावले जाई. त्याला गिऱ्हाईक व्हावे लागले नाही, आणि गिऱ्हाईक नसल्यामुळे कुणाला त्याच्यापुढे अंडे उचलून दाखवावे लागले नाही. उलट प्रात्यक्षिक त्यालाच द्यावे लागले, असे एक उदाहरण मात्र आहे. मुंबईत जन्मलेल्या इयान कार्डोझो यांनी १९७१ च्या युद्धात सुरुंगाने चिरफाळलेला पाय स्वतःच्या खुकरीने कापला. लाकडी पायाने शारीरिक चाचण्या देऊन आणि डोंगर चढून त्यांनी सैन्याची खात्री पटवली आणि पुढे बटालियनची कमान मिळवली. तिथे तपासला गेला तो माणूस. पायाला टाळी मिळाली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या व्यापारी प्रदर्शनांत कृत्रिम हात वेगळ्याच दिमाखाने उतरला. स्नायूंच्या विद्युत खुणेवर चालणारा पहिला हात राइनहोल्ड रायटर या जर्मनाने १९४८ च्या हानोव्हरच्या निर्यात प्रदर्शनात दाखवला. व्हॉल्व्हवर चालणारी त्याची यंत्रणा इतकी अवजड होती, की हात घालणाऱ्याला एका जागी बसूनच काम करावे लागले असते. पुढे तो विस्मृतीत गेला. दहा वर्षांनी, १९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात सोव्हिएत रशियाने तसाच हात मांडला. त्याच देशाच्या मंडपात स्पुटनिकची प्रतिकृती होती, हे विसरून चालणार नाही. त्या हाताने काय उचलले यापेक्षा तो कुणाच्या देशाचा आहे, हे जास्त महत्त्वाचे होते. आज वर्षानुवर्षे सुधारलेले हे हात बोटे स्वतंत्रपणे हलवतात, आणि तरीही त्यांचे एक जुने दुखणे टिकून आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार जगभरच्या अभ्यासांत प्रौढांपैकी सुमारे चौथा हिस्सा लोक बसवलेला हात पुढे वापरायचे सोडून देतात, आणि साधा दोरीचा हात काय किंवा विजेचा हात काय, या प्रमाणात मोठा फरक पडत नाही. मोटर सुधारली म्हणजे हात वापरात राहील, हे गृहीतक या आकड्याने डळमळते. हात टाकून देण्याची कारणे वजनाशी, घामाशी, सॉकेटच्या बसणीशी आणि दुरुस्तीशी जोडलेली असतात. यातले काहीच स्टॉलवर दिसत नाही.

या साऱ्या इतिहासात एक अपवाद आहे असे कुणी म्हणेल, तो जयपूर फूटचा. ते खरे आहे, म्हणून तो नीट पाहिला पाहिजे. १९६० च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी पाश्चात्त्य पद्धतीचे पाय बसवत होते, आणि त्यांच्या लक्षात आले की पेशंट घरी जाऊन पाय कोपऱ्यात ठेवतात आणि कुबड्यांवर परत येतात. त्या काळचे जगभर मान्य झालेले 'सॅच' पाऊल अमेरिकेत बर्कलेला बनले होते. आत लाकडाचा ताठ कणा, टाचेला मऊ फोम. बूट घालून सरळ चालायला उत्तम. पण उकिडवे बसायचे तर पाऊल घोट्यात वर वळले पाहिजे. ते वळत नाही, टाच उचलते आणि माणूस मागे कलंडतो. मांडी घालायची तर पाऊल आत फिरले पाहिजे, तेही फिरत नाही. बूट काढला तर फोम चिखलात भिजतो. म्हणजे पंगतीला बसणे, देवळात बसणे, शौचाला बसणे, निंदणी-खुरपणीला बसणे, यातले एकही काम या पायाने होत नव्हते. पण प्रात्यक्षिकात मात्र त्याने कधीच दगा दिला नसता, कारण कुणी त्याला बसायला सांगितलेच नसते.

उत्तर काढले रुग्णालयात काम करणाऱ्या रामचंद्र शर्मा या कारागिराने. फार शिकलेले नसलेले, पण मूर्ती, हस्तकला आणि धातूकाम हातात मुरलेले मास्टरजी. टायर रिमोल्ड करणाऱ्या दुकानात रबर साच्यात शिजते, तसे पाऊल शिजवावे, ही कल्पना त्यांची. आत मऊ मायक्रोसेल्युलर रबराचे ठोकळे, घोट्यात लाकडाचा तुकडा, भोवती टायरच्या दोऱ्यांची वीण आणि वरून पायाच्या रंगाचे रबर, असे सगळे साच्यात घालून भट्टीत व्हल्कनाइज केले की एकसंध पाऊल निघते. ते अनवाणी चालते, पाण्यात भिजते, उकिडवे बसू देते. वरची नळी आधी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची होती. नंतर ती एचडीपीईच्या पाइपची झाली, तोच जाड पाइप जो पाणी वाहून नेण्यासाठी वापरतात. पायाचा प्लास्टरचा साचा उभा करायचा, पाइपचा तुकडा भट्टीत लवचीक होईपर्यंत तापवायचा आणि हातमोजे घातलेल्या दोघांनी तो गरम असतानाच साच्यावर ओढायचा. थंड झाला की त्याच्या कडा कापून घासायच्या. सकाळी माप दिलेला माणूस संध्याकाळी पाय घालून उभा राहू शकतो. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग साहाय्यता समिती स्थापन केली आणि या पद्धतीची शिबिरे देशभर आणि देशाबाहेर पोचली. १९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बक्षीस सर्जनला आणि कल्पना कारागिराची, हा सल जयपूरात अजून पुरता मिटलेला नाही, आणि तो अकारण आहे असे मला वाटत नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप इथे उभा राहतो. जयपूर फूट पसरला तो दाखवूनच. १९८१ मध्ये अपघातात पाय गमावलेल्या मुंबईच्या सुधा चंद्रन १९८४ साली मुंबईतच कृत्रिम पायाने भरतनाट्यम नाचल्या, त्यावर तेलुगू आणि मग हिंदी चित्रपट निघाला आणि देशभरातल्या घराघरांत या पायाचे नाव गेले. शिबिरांत पाय बसवलेला माणूस पळून दाखवतो, झाडावर चढून दाखवतो, तेव्हा पुढच्या रांगेत कुबड्या घेऊन बसलेल्याच्या मनात पहिल्यांदा आशा येते. दाखवणे हाच दोष मानला, तर लाखो लोकांना पाय मिळालाच नसता. हा आक्षेप मी बाजूला सारत नाही. माझे म्हणणे इतकेच, की प्रात्यक्षिकाने श्रेय चुकीच्या जागी गेले. सुधा चंद्रन यांचा अपघात आणि त्यांचे नृत्य यांच्या मध्ये दोन वर्षांहून जास्त काळ गेला. वेदना, रक्ताळलेला स्टंप, पुन्हा पुन्हा जुळवलेला पाय आणि रोजचा सराव यांनी तो काळ भरलेला होता. रंगमंचावर नाचला तो दोन वर्षांचा सराव, आणि लोकांनी पाहिला तो पाय. शिबिरातही तसेच. पाय तुटल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत उरलेला भाग सुकत, बारीक होत जातो. सूज उतरते, स्नायू आटतात. आज अगदी बरोबर बसलेले सॉकेट सहा महिन्यांनी सैल होते. माणूस आत मोज्यावर मोजे चढवतो, मग पाय आत फिरू लागतो, हाडाच्या टोकावर घासतो, जखम होते आणि पाय पुन्हा कोपऱ्यात जातो. म्हणजे शिबिराचा दिवस हा नव्याने पाय गेलेल्या माणसाच्या दृष्टीने माप घेण्यासाठी सर्वांत गैरसोयीचा दिवस असतो. तोच दिवस छायाचित्रासाठी सर्वांत सोयीचा असतो. सहा महिन्यांनी पुन्हा येणारी शिबिराची गाडी, हा या पद्धतीचा अर्धा भाग असायला हवा, आणि देणगीदारांना दाखवता येत नाही म्हणून तोच गळतो.

लासूर स्टेशनवरून हे चित्र कसे दिसते, ते पाहू. शिवना नदीकाठचे दाक्षायणी देवीचे लासूर जुने, आणि स्टेशन निजामाच्या काळातले. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी मीटर गेज १९०० च्या आसपास आली, आणि रुळाच्या कडेला मोंढा, आडतीची दुकाने आणि कापूस, मका, कांद्याचा बाजार उभा राहिला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, म्हणून इथल्या माणसाला नव्या वस्तू पाहायच्या असतील, तर त्याची दिशा पूर्वेची. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी हैदराबादला 'नुमाइश' हे प्रदर्शन सुरू केले, ते याच रुळाच्या दुसऱ्या टोकाला. पाय हवा असेल, तर मात्र दिशा उलटी, पुण्याची किंवा मुंबईची. वस्तू दाखवणारे शहर एक आणि पाय दुरुस्त करणारे शहर दुसरे, आणि दोन्ही लांब. आज छत्रपती संभाजीनगर रेल्वेने चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि शहरात पाय बसवणारे आहेत, हे मान्य. पण गंगापूर तालुक्याच्या एका टोकाला वाळूजची औद्योगिक वसाहत आहे आणि दुसऱ्या बाजूला लासूरची शेते, आणि एकाच तालुक्यातल्या दोन तुटलेल्या हातांचे दोन वेगळे नशीब असते. वाळूजला पॉवर प्रेसमध्ये हात गेलेला कामगार विमाधारक असेल, तर १९४८ च्या कायद्यापासून चालत आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेखाली त्याला अपंगत्वाचा लाभ मिळतो आणि कृत्रिम अवयवही. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात तर अंगठा गेला तर ३० टक्के, चार बोटे गेली तर ५० टक्के, दोन्ही हात गेले तर १०० टक्के असा हिशेबच लिहून ठेवला आहे. हिशेब निष्ठुर वाटतो, पण त्यात माणसाचे नाव पुढेही राहते.

शेतातला हात वेगळा. तो मळणी यंत्रात जातो, कडबाकुट्टीत जातो, बहुधा पेंढी आत सारताना. १९७० नंतर मळणी यंत्रे गावोगाव गेली, ती गावजत्रेतल्या आणि कृषी प्रदर्शनातल्या प्रात्यक्षिकांतून. तासाला किती पोती निघतात, ते तिथे मोजून दाखवत. पेंढी सारायची हौदी किती आखूड आहे, हे कुणी मोजून दाखवले नाही. उत्तर भारतात इतके हात गेले, की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा करावा लागला. उत्पादकाला परवाना, यंत्रावर धोक्याच्या सूचना, अपघात झाला तर भरपाई. हौदी लांब आणि वरून झाकलेली असावी, असे मानकही ठरले. कायदा कागदावर चांगला आहे. पण आजही कोणत्याही औद्योगिक प्रदर्शनात, जानेवारी २०२४ मध्ये शेंद्र्याच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत 'मसिआ' या लघुउद्योजकांच्या संघटनेने भरवले तशा मोठ्या प्रदर्शनातही, यंत्राचा वेग ही पहिली माहिती असते, याचे नवल वाटायला नको. प्रदर्शनाचे कामच ते आहे. शेतकऱ्यासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. एक हात किंवा पाय गेला तर १ लाख रुपये, दोन गेले तर २ लाख. रक्कम एकदाच मिळते. पायाचे आयुष्य मात्र हप्त्याहप्त्याने संपते: दोन-तीन वर्षांत पावलाचे रबर झिजते, त्याआधी सॉकेट सैल होते, त्याही आधी पट्टा तुटतो. पट्ट्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून शहरात जायचे, की तारेने बांधून वेळ मारून न्यायची, हा प्रश्न ज्याच्या पुढे असतो, त्याला कोणत्याही प्रदर्शनात कुणी बोलावत नाही.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही तगडे आहेत. पहिला: दुरुस्ती गावात करायची म्हणजे पायाचे काम अशिक्षितांच्या हाती द्यायचे. पायाची रेषा चुकली तर कंबर आणि गुडघा बिघडू शकतात. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्याने कृत्रिम अवयव बसवणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली, ती उगाच नव्हे. हे मान्य. पण पायाची सगळी कामे सारखी नसतात. सॉकेट घडवणे आणि पायाची रेषा जुळवणे हे नोंदणीकृत तज्ज्ञाचेच काम. पट्टा, बकल, बोल्ट, फाटलेले आवरण, झिजलेले पाऊल बदलणे ही शिकवता येणारी, तपासता येणारी कामे आहेत. आणि जयपूरच्या पायाचा सारा इतिहासच या गोष्टीचा साक्षीदार आहे. टायर रिमोल्ड करणाऱ्याचे तंत्र, पाणी वाहणाऱ्या पाइपचा माल आणि पत्रेकारागिराचा हात या तिन्हींनी तो बनला. ज्या मोंढ्याच्या रस्त्यावर टायर, मोटार आणि पाइप रोज दुरुस्त होतात, तिथे पायाचा पट्टा दुरुस्त होऊ शकत नाही, याचे कारण कौशल्याचा अभाव हे असू शकत नाही. तसे कुणाला सांगितले नाही, शिकवले नाही आणि त्याचे पैसे कुणी देत नाही, एवढेच कारण आहे.

दुसरा आक्षेप हिशेबाचा आहे. एका तालुक्यात पाय गेलेली माणसे किती असणार, आणि त्यांच्या जिवावर एक कारागीर कसा जगणार? जगणार नाही, हे उघड आहे. पण लासूरचा आठवडे बाजार गंगापूरपुरता नाही. वैजापूर, कन्नड, खुलताबादच्या खेड्यांतली माणसे त्या बाजाराला येतात. महिन्यातून एका बाजारच्या दिवशी एक तंत्रज्ञ ठरल्या जागी बसला आणि जोडीला पोलिओच्या कॅलिपर, कुबड्या, व्हीलचेअर आणि कुष्ठरोग किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या पावलांसाठी मऊ तळाच्या चपला याही त्याने पाहिल्या, तर त्याच्या दिवसाला काम कमी पडणार नाही. मधुमेह तर आता गावातही पाय घेतो आहे. तळपायाची लहान जखम कळत नाही, चिघळते आणि शेवटी पाय कापावा लागतो. अशा माणसाला पाय कापल्यावरच्या सॉकेटपेक्षा पाय कापण्याआधीची योग्य चप्पल जास्त कामाची असते, आणि बाजारच्या दिवशी रस्त्याकडेला बसणारा चांभार ती चप्पल बनवू शकतो. फक्त पायाचे माप कसे घ्यायचे आणि तळाला किती मऊ रबर लावायचे, हे त्याला कुणीतरी दाखवायला हवे.